तार दिल्लीची, किल्ली मुंबईची

पूर्वी दारात तारवाला उभा राहिला की घरातल्या माणसांच्या छातीत धस्स होई. पाकीट फोडण्याआधीच आजी डोळ्यांना पदर लावी. २०१३ च्या जुलै महिन्यात सरकारने ती तारसेवा कायमची बंद केली, आणि आता गंमत अशी की माणसाच्या काळजात धस्स होते ते निरोप आल्याने नव्हे, न आल्याने! पुण्यात शिकणाऱ्या मुलाची खुशाली, दूधवाल्याचा हिशेब, शिष्यवृत्तीचा अर्ज, पिकाचा विमा, सारे इंटरनेटवरून चालते. मग ते मालकीचे कोणाच्या आणि ते बंद करण्याचा अधिकार कोणाला, हा प्रश्न वकिलांपुरता कसा राहील?

उत्तरासाठी आपली राज्यघटना उघडावी लागते. तिच्या सातव्या अनुसूचीत केंद्र आणि राज्ये यांच्यातले वाटणीपत्र आहे. टपाल, तार, दूरध्वनी, बिनतारी, नभोवाणी आणि अशीच इतर साधने दिल्लीच्या वाट्याला गेली. इंटरनेटचे नाव तेथे नाही. १९५० साली ते कोणाच्या स्वप्नातही नव्हते. पण 'अशीच इतर' म्हटल्यावर तेही त्यातच आले. राज्याच्या सूचीत मात्र पहिलीच नोंद सार्वजनिक सुव्यवस्थेची आणि दुसरी पोलिसांची. म्हणजे तार दिल्लीची आणि शांतता राखण्याची जबाबदारी मुंबईची. अफवा तारेवरून धावते आणि दगड रस्त्यावर पडतो. अशा वेळी कुलूप कोणी लावायचे?

पूर्वी काही ठिकाणी जिल्हाधिकारी जमावबंदीचे कलम लावून इंटरनेट बंद करीत. २०१७ साली १८८५ च्या तार कायद्याखाली नियम झाले आणि राज्यापुरती किल्ली राज्याच्या गृहसचिवांकडे गेली. पुढे २०२३ चा दूरसंचार कायदा आला, नोव्हेंबर २०२४ मध्ये त्याखालचे नवे नियम आले; पण किल्ली जागची हलली नाही.

आमच्या पाथरीकडून पाहिले म्हणजे हे सारे फार जवळचे वाटते. तालुक्याच्या एका अंगाला गोदावरी, आणि पलीकडे बीड जिल्ह्यातले माजलगाव. इकडच्या लेकी तिकडे दिलेल्या, तिकडचा माल इकडच्या बाजारात. ३० ऑक्टोबर २०२३ रोजी मराठा आरक्षणाच्या आंदोलनाच्या दिवसांत माजलगाव आणि बीड येथे जाळपोळ झाली आणि बीड जिल्ह्यात इंटरनेट बंद करण्यात आले. दिवाळी अवघ्या तेरा दिवसांवर होती. २६ फेब्रुवारी २०२४ रोजी जालना, बीड आणि छत्रपती संभाजीनगर या जिल्ह्यांत पुन्हा काही तास तोच प्रकार. अशा दिवशी रिक्षावाल्याला द्यायला खिशात सुटे नसतात, दुकानदार उधारीची वही शोधू लागतो, आणि अर्जाची शेवटची तारीख मात्र कोणासाठी थांबत नाही.

सरकारची बाजू लटकी आहे असे कोणी म्हणू नये. रात्री दोन वाजता गाव पेटण्याच्या बेतात असताना आधी पाणी ओतावे आणि मोजमाप मागून करावे, असे अधिकाऱ्याला वाटले तर तो स्वभावधर्म झाला. पण मोजमाप मागून तरी होते काय?

सर्वोच्च न्यायालयाने १० जानेवारी २०२० रोजी काश्मीरच्या प्रकरणात सांगितले की बेमुदत बंदी चालणार नाही, बंदी प्रसंगाच्या मानाने असावी आणि हुकूम लोकांसमोर यावा. आता एका हुकुमाची कमाल मुदत पंधरा दिवसांची आहे, आणि कारणे, क्षेत्र व कालावधी देऊन तो प्रसिद्ध करणे २०२४ च्या नियमांनी बंधनकारक केले आहे. ही प्रगतीच म्हणायची.

खरी मेख पुढे आहे. हुकूम योग्य होता की नाही हे तपासणारी समिती पाच दिवसांच्या आत बसते. राज्यात तिच्या अध्यक्षस्थानी मुख्य सचिव. सोबत विधी सचिव आणि गृहखात्याबाहेरचे आणखी एक सचिव. हुकूम काढणारे मंत्रालयात आणि तपासणारेही मंत्रालयात! शिवाय काही तासांची बंदी पाच दिवसांनी तपासणे म्हणजे पंगत उठल्यावर आमटीचे मीठ पाहणे होय. संसदेच्या स्थायी समितीने डिसेंबर २०२१ मध्ये सुचविले होते की या समितीत निवृत्त न्यायाधीशांसारखी सरकारबाहेरची माणसे आणि स्थानिक लोकप्रतिनिधी घ्यावेत. नव्या नियमांत त्यांना जागा मिळाली नाही.

आणि प्रसिद्धी म्हणाल तर ती कोठे? बंदीचा हुकूम संकेतस्थळावर टाकला तर ज्याचे इंटरनेट बंद आहे त्याने तो वाचावा कसा? आमच्याकडे पूर्वी हलगी वाजवून दवंडी पिटीत; निरक्षर म्हातारीलाही सरकारचा हुकूम ठाऊक होई. तहसील कचेरीच्या फलकावर, एस. टी. स्थानकावर, ग्रामपंचायतीच्या भिंतीवर तो कागद चिकटवायला कितीसा खर्च येणार?

प्रसंग पाहून कुलूप लावावे लागेल, हे आपण मान्य करू. पण ते कोणी लावले, कशासाठी आणि किती वेळ, हे घरातल्या माणसांना कळलेच पाहिजे. तेव्हा वाचकहो, पुढच्या वेळी मोबाइल मुका झाला तर कंपनीला बोल लावून स्वस्थ बसू नका. तहसील कचेरीत जा आणि हुकुमाची प्रत दाखवा म्हणा. मागणाराच नसेल तर तो कागद फलकावर कोण लावणार?