स्लॅबमधली सळई

उल्हासनगर कॅम्प १ मध्ये गोल मैदानाजवळच्या आमच्या गच्चीवरून दक्षिणेला मलंगगड दिसतो. हवा निवळली की बदलापूरच्या अंगाला चंदेरीचा सुळकाही. डोंगर एवढे उशाशी, मग भूकंप-वादळाची धास्ती नाही का वाटत, असं पाहुणे विचारतात. धास्ती आहे, पण ती डोंगराची नाही. डोक्यावरच्या स्लॅबची आहे.

भूकंप आणि वादळ यांची आपल्या भागात एकदा चक्क गल्लत झाली होती. मुंबईच्या परिसरात मे १६१८ मध्ये मोठा उत्पात झाला. दोन हजार माणसं गेली, साठ जहाजं बुडाली, असं भूकंपांच्या जुन्या याद्या सांगतात. तिथे त्याची नोंद वादळासह आलेला भूकंप अशी आहे. आजचे अभ्यासक म्हणतात, भूकंप नव्हताच तो, चक्रीवादळ होतं. मला ते पटतं. मे महिनाअखेर हा अरबी समुद्रातल्या वादळांचा हंगामच. आणि ज्याच्या अंगावर घर पडलं, त्याला जमीन हलली की वारा सुटला हे कुठून कळणार?

सह्याद्रीचा खरा भूकंप म्हणजे ११ डिसेंबर १९६७ चा. पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी कोयनानगर हादरलं. तीव्रता साडेसहाच्या आसपास, बळी पावणेदोनशेच्या पुढे. कोयना धरणावरची वीजनिर्मिती थांबली आणि मुंबई अंधारात गेली. दख्खनचा खडक जुना आणि टणक, त्यामुळे हादरा लांबवर पोचतो. धरणाचं पाणी खोल भेगांत मुरून तिथला दाब वाढतो आणि आधीच ताणलेला खडक सरकतो, हे कोयनेनं जगाला दाखवून दिलं. आपल्याकडचं उदाहरण मात्र फारसं कुणाला आठवत नाही. शहापूरजवळच्या भातसा धरणात पाणी साठू लागलं आणि १९८३ मध्ये तिथेही धक्क्यांची मालिका सुरू झाली. त्यातला मोठा धक्का पाचाच्या जवळपास होता. मुंबईचा नळ ज्या पाण्यावर चालतो, तेच हे पाणी. भूकंपप्रवणतेच्या २००२ च्या नकाशात ठाणे जिल्हा तिसऱ्या विभागात आहे. म्हणजे मध्यम धोका.

वाऱ्याची गोष्ट आणखी अलीकडची. ३ जून २०२० ला ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढलं, ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगाचे वारे घेऊन. श्रीवर्धन-मुरूडच्या सुपारीच्या बागा झोपल्या. पुढे घाट चढता चढता त्याची ताकद ओसरली. जमिनीवर आलं की वादळाचं समुद्रातलं इंधन तुटतं, वर सह्याद्री आडवा येतो. मात्र ढग डोंगराला अडतात आणि ओझं इथेच उतरवतात. आमच्याकडे त्या दिवशी पत्रे वाजले, एक उडालाही. नुकसान म्हणण्यासारखं काही नाही, असं आम्हीच एकमेकांना सांगितलं.

पण पाणी हिशेब ठेवतं. गच्चीतून झिरपलेलं पाणी सळईपर्यंत जातं, सळई गंजते, गंजली की फुगते आणि भोवतालचं काँक्रीट आतून फोडते. आधी छताला केसाएवढी चीर दिसते, मग पोपडा फुगतो, मग एका सकाळी गादीवर मूठभर रेती पडलेली असते. वर पाहावं तर तांबडी सळई उघडी. ‘लोखंड दिसायला लागलं’ असं शेजारीण सहज सांगते आणि प्लास्टर करून त्यावर रंग मारून घेते. दोन पावसाळे निघतात.

मे २०२१ मध्ये आधी कॅम्प १ मध्ये आणि मग तेरा दिवसांनी, २८ तारखेला, कॅम्प २ मध्ये एकेका इमारतीच्या वरच्या मजल्याचा स्लॅब खालच्या मजल्यांना घेत तळाशी आला. दुसऱ्या दुर्घटनेत सात जण गेले. धरणी हलली नव्हती. नव्वदच्या दशकात घाईघाईनं, बेकायदा उभ्या राहिलेल्या अशा इमारतींच्या बाबतीत तेव्हा एकच शब्द सगळ्यांच्या तोंडी होता, ‘उल्वा रेती’. निकृष्ट रेतीचं ते इथलं नाव. मूळच्या लष्करी छावणीतल्या बैठ्या बराकी, त्यांत फाळणीनंतर आलेली सिंधी कुटुंबं, मग बराकींच्या जागी पाच-पाच मजले, आणि २००६ मध्ये दंड भरून ते नियमित करून घेण्यासाठी उल्हासनगरपुरता खास कायदा. दंडानं कागद पक्का झाला. रेती तीच राहिली.

नीट बांधलेलं मात्र टिकतं. सिंधच्या शेजारच्या क्वेट्ट्यात ३१ मे १९३५ च्या भूकंपात तीस हजारांवर माणसं गेली. शहर जमीनदोस्त झालं, पण एस. एल. कुमार या रेल्वे अभियंत्याच्या आराखड्यानुसार हादरे सोसतील अशी बांधलेली घरं टिकली. इतकं लांब कशाला जा? वालधुनीच्या काठावरचं अंबरनाथचं शिवमंदिर शके ९८२ चं, म्हणजे १०६० चं. त्याचं शिखर ढासळलेलं आहे, पण काळ्या दगडाच्या त्या भिंती १६१८ आणि १९६७ दोन्ही पाहून उभ्या आहेत. आमचा स्लॅब तिशीही गाठू शकला नाही.

तेव्हा गच्चीवरून मलंगगडाकडे जरूर पाहा, पण खाली उतरल्यावर छताकडेही पाहा. महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६५-अ प्रमाणे तीस वर्षं झालेल्या इमारतीची तपासणी नोंदणीकृत संरचना अभियंत्याकडून करून घ्यावी लागते. भोगवटा प्रमाणपत्र नाही म्हणून सुटका होत नाही, निम्म्या जागेत लोक राहायला आले तेव्हापासूनही वर्षं मोजली जातात. १९९४-९५ च्या इमारतींची तीस वर्षं आता भरली आहेत.