नऊने सुरू होणारा क्रमांक

कॅनडातील कचेरीत नव्याने रुजू झालेल्या माणसाकडून पहिल्या तीन दिवसांत जो नऊ अंकी सामाजिक विमा क्रमांक मागून घेतला जातो, त्याचा पहिलाच आकडा नऊ असला, तर हा इसम येथे तात्पुरत्या परवान्यावर आहे, हे पगाराचे कागद करणाऱ्या कारकुनाला एक अक्षरही न विचारता समजते. पुण्याहून वॉटर्लूला शिकावयास गेलेल्या आणि अद्याप ‘पीआर’ (कायम रहिवासी) न झालेल्या आपल्या मुलांचे क्रमांक याच नवाने सुरू होतात. नेमणूक झालेली असल्यामुळे या बोलकेपणाने सहसा काही बिघडत नाही. बिघडते ते हीच माहिती नेमणुकीपूर्वी हवीशी वाटू लागली म्हणजे.

आणि ती हवीशी वाटण्याचे कारण खुद्द सरकारनेच पुरविले आहे. काही महिने वर्गात आणि काही महिने पगारी कामावर, अशी जी ‘को-ऑप’ शिक्षणपद्धती हर्मन श्नायडर यांनी १९०६ साली सिनसिनाटीस सुरू केली व १९५७ साली स्थापन झालेल्या वॉटर्लू विद्यापीठाने जिच्यावर आपला पायाच रचला, तिला उत्तेजन मिळावे म्हणून कॅनडाच्या केंद्र सरकारने २०१७ पासून मालकांना वेतन-अनुदान देऊ केले. त्याचा सर्वसाधारण दर असा, की विद्यार्थ्याच्या वेतनाचा निम्मा भाग, कमाल ५,००० डॉलर. मात्र विद्यार्थी आदिवासी समाजातील, अपंग, देशात नवागत किंवा पहिल्या वर्षाचा असला, अथवा विज्ञान-अभियांत्रिकी शिकणारी स्त्री असली, तर ७० टक्के, कमाल ७,००० डॉलर. अट अशी, की तो नागरिक, कायम रहिवासी वा आश्रयप्राप्त असावा. शिक्षणाच्या परवान्यावर आलेला विद्यार्थी कितीही हुशार असला तरी त्याच्या नावावर छदामही मिळत नाही.

चार महिन्यांचा पगार १४,००० डॉलर धरला, तर एका उमेदवारामागे मालकाला काहीच मिळत नाही, दुसऱ्यामागे ५,००० मिळतात आणि तिसऱ्यामागे ७,०००; आणि तिसऱ्याचे ते दोन हजार कित्येकदा त्याने आजवर कोणासही न सांगितलेल्या व्याधीचे असतात! लहानशा कारखान्याच्या मालकाला हा हिशेब मुलाखतीआधीच करावासा वाटला, तर त्याला लोभी म्हणणे मला तरी जड जाते.

परंतु वॉटर्लू ज्या प्रांतात आहे त्या ऑन्टारिओच्या मानवाधिकार संहितेत नागरिकत्व हे भेदभावाचे निषिद्ध कारण म्हणून नमूद आहे. ‘येथे काम करण्याचा कायदेशीर हक्क आहे काय?’ एवढे विचारता येते. मॅकगिल विद्यापीठाच्या एका परदेशी विद्यार्थ्याकडे त्याच्या भावी मालकाने कायमस्वरूपी हक्काचा दाखला मागितला होता, तो भेदभावच होय असे ऑन्टारिओच्याच अपील न्यायालयाने २०२३ मध्ये ठरविले. मग मालक विद्यापीठातील समन्वयकाला हळूच विचारतो, ‘यांपैकी अनुदानाला पात्र कोण?’ समन्वयकाचे हात २००६ पासून त्या प्रांतातील विद्यापीठांनाही लागू झालेल्या माहिती-संरक्षणाच्या कायद्याने बांधलेले. विद्यार्थ्याच्या संमतीवाचून तो हे सांगू शकत नाही. आता संमती म्हणावी, तर नोकरी हवी असलेल्या वीस वर्षांच्या पोराने समोर आलेल्या चौकटीत खूण करण्यापलीकडे तीत फारसे काही उरते असे नाही. म्हणून शहाणे समन्वयक पात्रतेचा मजकूर असलेला कागद नेमणुकीचे पत्र हाती पडेपर्यंत विद्यार्थ्यापुढे येऊच देत नाहीत. आणि मग आपण कोणत्या वर्गात मोडतो हे लिहावे की निम्म्या दरावरच मालकाची बोळवण होऊ द्यावी, हे ज्याचे त्याने ठरवावे.

याच ऑन्टारिओत प्रांतिक सरकारची एक जुनी करसवलत आहे, तीत मालकाला एका को-ऑप नेमणुकीमागे जास्तीत जास्त ३,००० डॉलर मिळतात. तिच्यासाठी लागतो तो विद्यापीठाचा दाखला. हा आमचा विद्यार्थी असून हे काम मान्यताप्राप्त को-ऑपचे आहे, असे त्यात लिहिलेले असते. पारपत्राचा रंग आणि शरीराची व्यथा यांसाठी त्या कागदावर रकानाच नाही.