जुनं घर आणि हीट पंप

इंग्लंडमधली कितीतरी घरं शंभर वर्षांहून जुनी आहेत. विटांच्या भिंती, उंच छत, फटींतून घुसणारा वारा. तिथं राहणाऱ्या आपल्या माणसांना हल्ली एक प्रश्न पडतो : गॅसचा बॉयलर काढून हीट पंप बसवला, तर घर पुरेसं तापेल का? माझा भाचा लेस्टरला असतो. त्यानंही फोनवर हेच विचारलं. ‘मामू, घरात सासूबाई आहेत, थंडीत पंचाईत नको.’

आधी यंत्र समजून घेऊ. फ्रिज आतली उष्णता मागच्या बाजूनं बाहेर टाकतो. हीट पंप बाहेरची उष्णता घरात आणतो. त्याच्या नळ्यांतला द्रव शून्याखालच्या हवेतही उकळतो, म्हणजे गारठ्यातूनही उष्णता उचलतो. त्याची वाफ कॉम्प्रेसरनं दाबली, की सायकलला हवा भरताना पंप तापतो तशी ती तापते. म्हणून एक युनिट विजेत साधारण तीन युनिट उष्णता मिळते.

जुनेपणाचं म्हणाल, तर झुरिचचं राटहाउस सतराव्या शतकातलं. तिथं १९३८ साली बसवलेला पंप नदीच्या पाण्यातून उष्णता घेत २००१पर्यंत चालला. ब्रिटनमध्येही एका सरकारी प्रकल्पात ७४२ घरांत पंप बसवले. त्यांत व्हिक्टोरियन घरंही होती. घराचा प्रकार कुठंच आड आला नाही.

अडचण येते ती रेडिएटरची. बॉयलरचं पाणी ७० अंशांच्या आसपास असतं, पंपाचं ४५ ते ५०. त्यामुळे तोच रेडिएटर निम्मीच ऊब देतो. म्हणून काही खोल्यांत मोठे रेडिएटर लावावे लागतात. माळ्यावर जाड थर घालून फटीही बुजवाव्यात. पंप मंद आणि सतत चालवावा. बॉयलरसारखी उघडझाप त्याला मानवत नाही.

भाच्याला मी एक बिनखर्चाची परीक्षा सांगितली. कडाक्याच्या थंडीत बॉयलरमधून रेडिएटरला जाणारं पाणी ५० अंशांवर ठेवून पाहा. घर उबदार राहिलं, तर पंप पुरेल. एखादी खोली गार पडली, तर आधी तिथला रेडिएटर बदला.

बिलाचा हिशोब मात्र वेगळा मांडावा. तिथं विजेचं युनिट गॅसच्या जवळपास चौपट महाग आहे. त्यामुळे ऊब नक्की मिळेल, बचत होईलच असं नाही. म्हणून घराचं वय विचारत बसू नका. प्रत्येक खोलीतून किती उष्णता निसटते, ते मोजून देणारा कारागीर शोधा.