वाढणारी भिंत

भिंत म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर एक अचल वस्तू येते. दगडमातीची भिंत एकदा उभी राहिली की ती आपण होऊन ना लांब होते, ना उंच. परंतु निसर्गात अशीही एक भिंत आहे, जी वाढली नाही तर आपल्या ताटात भाकरी येणार नाही. ती म्हणजे वनस्पतीची पेशीभित्तिका. मी कलाशाखेची विद्यार्थिनी, आणि आमच्या घरातून महाविद्यालयात आलेली पहिलीच. परंतु पीक का खुंटते, हा प्रश्न शेतकऱ्याच्या घरात शास्त्रशाखेपुरता राहत नाही. म्हणून हा लेखनप्रपंच.

१६६५ साली रॉबर्ट हूक यांनी बुचाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याचे प्रसिद्ध केले. त्यांना मधाच्या पोळ्यासारखे कप्पे दिसले. त्या वस्तुतः मृत पेशींच्या रिकाम्या भिंती होत्या. जिवंत पेशीत मात्र आत पाणी भरलेले असते व ते भिंतीला बाहेर रेटीत असते. हा रेटा बहुधा ३ ते १० वातावरणांइतका असतो. मोटारीच्या टायरमध्ये तो २ च्या आसपास असतो, यावरून कल्पना यावी. आणि तो सोसणारी कोवळी भिंत मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही पातळ!

येथेच खरी अडचण आहे. भिंत ताठ राहिली तर पेशी वाढणार नाही. एकदम सैल पडली तर ती फुटेल. घरात माणसे राहत असताना, छप्पर न उतरवता भिंत वाढवावी, तसे हे काम आहे. त्यात मोठा वाटा विकरांचा, म्हणजेच एन्झाइमांचा असतो. ही प्रथिने रासायनिक क्रिया घडवून आणतात, पण स्वतः खर्ची पडत नाहीत.

भिंतीचा मुख्य आधार म्हणजे सेल्युलोजचे धागे. पेशीच्या पटलात बसलेली विकरे ग्लुकोजचे कण एकापुढे एक जोडून हे धागे काढतात. जणू चातीवर सूत निघावे. धाग्यांभोवती हेमिसेल्युलोज गुंतलेले असते, आणि मधल्या जागेत पेक्टिन असते. पेरूची जेली घट्ट होते ती याच पेक्टिनमुळे.

वाढीच्या वेळी ऑक्झिन हे संप्रेरक पेशीला चालना देते. पेशी भिंतीमध्ये हायड्रोजनचे आयन सोडते व भिंत आम्लधर्मी होते. पण नुसत्या आम्लाने भागत नाही. १९९२ साली अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्य विद्यापीठात डॅनियल कॉस्ग्रोव्ह व त्यांच्या सहकाऱ्यांनी काकडीच्या कोवळ्या रोपांवर केलेला प्रयोग पाहा. मृत देठाची भिंत आम्लात ताणली असता लांबत होती. उष्णता देऊन तिच्यातील प्रथिने निकामी केली, तेव्हा ती लांबेना. वाढत्या देठातून काढलेली प्रथिने तिला पुन्हा दिली, तेव्हा ती पुन्हा लांबू लागली! या प्रथिनांना एक्स्पान्सिन म्हणतात. ती धागे तोडीत नाहीत, फक्त त्यांची आपापसांतील पकड ढिली करतात. म्हणून काटेकोर अर्थाने त्यांना विकर म्हणत नाहीत.

तोडण्याजोडण्याचे काम एक्सटीएच या आखूड नावाने ओळखली जाणारी विकरे करतात. ती हेमिसेल्युलोजची साखळी एका जागी तोडतात आणि तिचे टोक दुसऱ्या साखळीला जोडू शकतात. त्यामुळे विणीत बदल होतो, पण वीण उसवत नाही. पेशी पूर्ण वाढली की भिंत घट्ट करणे हेही विकरांचेच काम. काही विकरे पेक्टिनमध्ये असा बदल करतात की कॅल्शियम त्याला बांधून ठेवते. तर पेरॉक्सिडेज जातीची विकरे भिंतीतील घटक एकमेकांत पक्के गुंतवतात.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. विकरे भिंत सैल करतात, पण तिला ताणतो तो पाण्याचा रेटा. पाऊस लांबला की हा रेटा कमी होतो आणि पान कोमेजण्याच्या आधीच वाढ मंदावते. शेत हिरवे दिसते, पण पीक जागच्या जागी राहते. मध्यंतरी ज्या पेशींच्या भिंती पक्क्या झाल्या, त्या मागाहून आलेल्या पावसाने लांबत नाहीत. वेळेवरचा पाऊस आणि उशिराचा पाऊस यांत जुनी माणसे जो फरक करतात, त्याचे एक कारण या डोळ्यांना न दिसणाऱ्या भिंतीत आहे.