शुश्रूषा केंद्र कसे पारखावे?

अब्बांना पक्षाघात होतो. दहा-बारा दिवस रुग्णालयात जातात. मग डॉक्टर म्हणतात, आता घरी न्या. खरा प्रश्न तेव्हा सुरू होतो. एक बाजू लुळी, नाकातल्या नळीतून जेवण, लघवीची पिशवी, दर दोन तासांनी कूस बदलायची. घर दोन खोल्यांचे. मुलाची नोकरी शिफ्टची, मुलगी सासरी, सुनेची स्वतःची कंबर धरलेली. दोन-तीन महिने सगळे मिळून निभावतात. मग एका रात्री कोणीतरी हळूच विचारते, "एखादे केंद्र पाहायचे का?" आणि घरात शांतता पसरते.

ही शांतता आपल्यातल्या बऱ्याच घरांना ओळखीची आहे. आई-वडिलांची खिदमत हे आपल्याकडे केवळ कर्तव्य नाही, ती सआदत मानली जाते. त्यामुळे केंद्राचे नाव काढायचीही लाज वाटते. मोहल्ल्यात काय म्हणतील, नातेवाईक काय म्हणतील, या धास्तीने कुणाला विचारले जात नाही. शेवटी अगदीच निभेनासे झाले की घाईघाईत, गुपचूप, ज्या केंद्रात खाट रिकामी असेल तिथे म्हाताऱ्या माणसाला पोचवले जाते. लाजेपायी पारख राहून जाते आणि तिची किंमत खाटेवरचा माणूस मोजतो.

केंद्रात ठेवावे की ठेवू नये, याचा फतवा आम्ही देणार नाही. प्रत्येक घराची ताकद वेगळी. पण ठेवायचे ठरलेच, तर कूस बदलणारे हात दुसऱ्याचे असतील. ती वेळेवर बदलली जाते का, हे पाहणे मुलांकडेच राहते. आई-वडील ही अमानत आहे. ती ज्याच्या हवाली करायची त्याला पारखायलाच हवे.

आधी कागद पाहा

आपल्याकडे 'नर्सिंग होम' म्हणजे छोटे खासगी रुग्णालय. त्याची नोंदणी १९४९ च्या नर्सिंग होम नोंदणी कायद्याखाली होते, आणि २०२१ च्या सुधारित नियमांनुसार तिथे रुग्णहक्कांची सनद व दरपत्रक दर्शनी भागात लावावे लागते. वृद्धाश्रम बहुधा चालत्या-फिरत्या वृद्धांसाठी असतो. या दोहोंच्या मधे अंथरुणाला खिळलेल्या किंवा स्मृतिभ्रंश झालेल्या माणसांना महिनोन्‌महिने सांभाळणारी शुश्रूषा केंद्रे असतात. एखाद्या बंगल्यात किंवा इमारतीच्या एका मजल्यावर दहा-वीस खाटा टाकून ती चालतात. पहिला प्रश्न हाच विचारा: तुमची नोंदणी कशाखाली आहे? ट्रस्ट, नर्सिंग होम की नुसते दुकानाचे लायसन्स? जे सांगतील त्याचा कागद पाहायला मागा. कागद दाखवायला कां-कूं करणारे केंद्र पुढे हिशेब दाखवतानाही तेच करील.

अमेरिकेत अशा केंद्रांसाठी १९८७ साली कायदा झाला आणि २००८ पासून तिथले सरकार त्यांना एक ते पाच तारे देते. हे तारे तीन गोष्टींवर ठरतात: तपासणीत काय आढळले, प्रत्येक रुग्णामागे कर्मचारी किती, आणि रुग्णांची प्रत्यक्ष स्थिती कशी आहे. फरशी कोणती किंवा बाग केवढी, याला तिथे गुण नाहीत. आपल्याकडे तारे देणारे कोणी नाही. ही तपासणी घरच्यांनाच करावी लागते. पण मोजायच्या गोष्टी त्याच.

न सांगता जा

पहिल्या भेटीत ऑफिसातली खुर्ची, चहा आणि रंगीत माहितीपत्रक मिळते. ती भेट उरकून घ्या. दुसऱ्यांदा मात्र न कळवता जा, तेही रात्रीच्या जेवणाच्या वेळी किंवा रविवारी दुपारी, जेव्हा मालक नसतो आणि माणसे कमी असतात. पुणे आणि ठाणे परिसरातली काही केंद्रे आम्ही अशीच दोनदा पाहिली. एका ठिकाणी प्रत्येक खाटेला बेल होती, पण तिची वायर वर पडद्याच्या दांडीला गुंडाळून ठेवलेली. खाटेवरच्या आजींचा हात तिथवर पोचणे शक्यच नव्हते. विचारल्यावर उत्तर मिळाले, "त्या सारख्या वाजवतात." दुसरे केंद्र जुन्या चाळवजा घरात होते, भिंतींचा रंग उडालेला. पण तिथली मावशी एका आजोबांना भरवताना खाली स्टुलावर बसली होती, एक घास गिळून होईपर्यंत दुसरा उचलत नव्हती. आम्हाला निवडायचे असते तर आम्ही हे दुसरे निवडले असते.

दारातून शिरताच वासाकडे लक्ष द्या. एखाद्या खाटेजवळ लघवीचा वास येणे स्वाभाविक आहे. पण सगळ्या हॉलभर तो मुरलेला असेल, तर डायपर वेळेवर बदलले जात नाहीत. फिनाईलचा उग्र दर्प हा काही वेळा त्यावरचाच पडदा असतो. मग रुग्णांकडे पाहा. नखे कापलेली आहेत का? ओठ सुकलेले आहेत का? दाढी, केस, अंगावरचा कपडा? कुणाचे हात खाटेला बांधले आहेत का? भर दुपारी सगळेच गाढ झोपेत असतील, तर झोपेच्या गोळ्या कोणाच्या सांगण्यावरून देता, हे विचाराच.

पाठ, माकडहाड, टाचा

शुश्रूषेचा सर्वांत खरा दाखला रुग्णाच्या कातडीवर असतो. एकाच कुशीवर पडून राहिलेल्या माणसाला बेडसोअर, म्हणजे दाबाच्या जखमा होतात. माकडहाड, कमरेची हाडे, टाचा, खांद्याची पाती आणि डोक्याची मागची बाजू या त्यांच्या जागा. सुरुवातीला कातडी लाल दिसते आणि बोटाने दाबली तरी लाली जात नाही. सावळ्या रंगावर लाली लवकर कळत नाही. तिथे जागा गरम, कडक किंवा काळसर-निळसर लागते. इथे लक्ष दिले तर जखम टळते. दुर्लक्ष झाले तर ती हाडापर्यंत जाऊ शकते आणि जिवावर बेतू शकते. म्हणून केंद्राला विचारा: कूस बदलल्याची नोंद ठेवता का? ती वही दाखवा. हवेची गादी असली म्हणून कूस बदलण्यातून सुटका नाही.

जेवणाचेही तसेच. गिळायला त्रास असलेल्या माणसाला आडवे ठेवून भरवले, तर अन्न श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो. डोक्याकडची बाजू उंच हवी, आणि जेवणानंतर निदान अर्धा तास तशीच ठेवायला हवी. महिन्याला वजन करतात का, हे विचारा. वजन सतत उतरत असेल तर ताटे जशीच्या तशी परत जात असण्याचीही शक्यता असते. लघवीची पिशवी कमरेच्या खाली लटकलेली हवी, जमिनीवर लोळणारी नको.

रात्री कोण असते?

दिवसा पाच माणसे दिसतात. रात्री दोन वाजता किती असतात? त्यांत प्रशिक्षित नर्स किती, मामा-मावशी किती? डॉक्टर आठवड्यातून कितीदा येतात? ऑक्सिजन आहे का? तब्येत बिघडली तर कोणत्या रुग्णालयात नेतात, गाडी कोणाची आणि घरी फोन कोण करते? या प्रश्नांना माणूस आणि आकडा सांगून उत्तर मिळाले पाहिजे. "आमच्याकडे चोवीस तास स्टाफ असतो" हे उत्तर झाले नाही. जाताना एखाद्या मावशीला सहज विचारा, इथे किती दिवस आहात? दर दोन महिन्यांनी माणसे सोडून जात असतील, तर तुमच्या अम्मीची सवय कुणालाच लागणार नाही.

आपल्या घरच्या काही गोष्टी

बऱ्याच केंद्रांना आपल्या सवयी ठाऊक नसतात. ते वाईट हेतूने नव्हे; आपणच सांगायला संकोचतो. त्या आधी बोलून घ्या. मांसाहार देत असतील तर हलाल कुठून आणतात? नसतील तर घरचा डबा चालेल का? अम्मीची स्वच्छता बाईच करील ना, रात्रपाळीतसुद्धा? डोक्यावरची ओढणी तिला जपायची असते. तहारतीसाठी पाणी वापरावे, नुसत्या कागदावर भागवू नये, हे सांगा. वजू शक्य नसेल तर तयम्मुमची सोय, किब्ल्याची दिशा आणि वेळ आठवून देणारा माणूस, एवढ्याने बसून किंवा इशाऱ्याने नमाज होते. स्मृती गेलेल्या माणसालाही अजानचा आवाज आणि नमाजच्या हालचाली कधी कधी आठवतात, आणि त्याने ते शांत होतात. रमजानमध्ये रोज्याचा हट्ट धरला, तर औषधे बंद करू नयेत, आधी डॉक्टरांना आणि घरी कळवावे.

एक अवघड गोष्टही बोलावी लागते. इंतकाल झाला तर पहिला फोन कोणाला, मृत्यूचा दाखला कोणते डॉक्टर देतील आणि किती वेळात? कब्रस्तानात त्याची गरज पडते. हे आधी ठरलेले नसेल, तर दफनाला नाहक उशीर होतो.

पैसे आणि करार

महिन्याच्या आकड्यात काय धरले आहे, ते लेखी घ्या. डायपर, औषधे, ड्रेसिंग, फिजिओथेरपी, डॉक्टरची फी ही बहुधा वेगळी लागते आणि बिल तिथेच फुगते. डिपॉझिट केव्हा परत मिळते, महिन्याच्या मध्यात रुग्ण रुग्णालयात गेला किंवा गेलाच, तर उरलेल्या दिवसांचे काय, हेही लिहून घ्या.

ठेवल्यानंतर

भेटीला वेळेचे बंधन घालणाऱ्या आणि खोलीत येऊ न देणाऱ्या केंद्रापासून सावध राहा. घरातल्यांनी वार वाटून घ्यावेत, म्हणजे आठवड्यातून तीन-चारदा, वेगवेगळ्या वेळी कोणीतरी जाईल. जिथे रोज कुणी ना कुणी येते त्या खाटेची चादर लवकर बदलली जाते. हे सांगायला कोणताही अभ्यास लागत नाही. गेल्यावर पांघरूण बाजूला करा, टाचा पाहा, पाठ पाहा. आईशी एकटीशी बोला. तिला बोलता येत नसेल, तर विशिष्ट माणूस जवळ आला की ती अंग चोरते का, ते पाहा.

चूक दिसली तर आधी केंद्राच्या प्रमुखाला लेखी द्या आणि एक प्रत आपल्याकडे ठेवा. नर्सिंग होम म्हणून नोंदणी असेल तर शहरात महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे, इतरत्र जिल्ह्याच्या आरोग्य यंत्रणेकडे तक्रार करता येते. ज्येष्ठ नागरिकांसाठी १४५६७ ही देशभरची मोफत हेल्पलाइन आहे. आणि २००७ चा आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या पालनपोषणाचा कायदा मुलांनाही बांधतो: सांभाळायची जबाबदारी असलेल्या माणसाला कायमचे टाकून देण्याच्या हेतूने कुठेही सोडून जाणे, हा त्याखाली तीन महिन्यांपर्यंतच्या कैदेचा गुन्हा आहे.

ज्या घरात आज सगळे धडधाकट आहेत, त्यांनीही गावातली एक-दोन केंद्रे आताच पाहून ठेवावीत. आणि ज्यांचे कोणी आधीच केंद्रात आहे, त्यांनी पुढच्या भेटीत फळांच्या पिशवीबरोबर नेलकटर आणि तेलाची बाटलीही न्यावी. नखे कापता कापता, पायांना तेल लावता लावता सगळे दिसते.