नोकरी आणि स्वभाव

शेवटच्या वर्षाची परीक्षा जवळ आली, की घरी, एस.टी.च्या थांब्यावर, लग्नकार्यात एकच प्रश्न कानी येतो : “मग, पुढे काय?” वर्षभराने त्याचे रूप बदलते : “कुठे चिकटलास की नाही?” आपल्या बोलीत नोकरी ‘लागते’, माणूस तिला ‘चिकटतो’ आणि कधी ती ‘सोडतो’. या तिन्ही गोष्टींमागे गुण, ओळख, रिकाम्या जागा आणि नशीब अशी चार कारणे आपण मोजतो. पाचवे कारण बहुधा विसरतो. ते म्हणजे आपला स्वभाव.

गेल्या मे महिन्यात सुटीतल्या कामासाठी मी एका दुकानात विचारायला गेलो होतो. दारापर्यंत पोहोचलो आणि आतली गर्दी पाहून परत फिरलो. आठवड्याने तेथे माझाच एक वर्गमित्र कामाला लागला. गुणांत तो माझ्या मागे आहे. पण त्याने विचारले होते, मी विचारले नव्हते. या लेखाचे मूळ त्या दारात आहे.

स्वभावाचे मोजमाप

स्वभाव ही मोजता येण्याजोगी वस्तू आहे काय? १९३६ साली ऑलपोर्ट व ओडबर्ट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी इंग्रजी शब्दकोशातून माणसाच्या वागण्याचे वेगळेपण सांगणारे सुमारे १८,००० शब्द गोळा केले. पुढच्या संशोधकांनी अशा शब्दांची संख्याशास्त्राच्या साहाय्याने गटवारी केली, तेव्हा पाच प्रमुख गुणघटक हाती आले : बहिर्मुखता, कर्तव्यदक्षता, सौजन्य, भावनिक स्थैर्य आणि नव्या अनुभवांची ओढ. हे माणसांचे पाच प्रकार नव्हेत. या पाच मोजपट्ट्या आहेत आणि प्रत्येक पट्टीवर आपण प्रत्येकजण कोठे ना कोठे उभे असतो.

शोध घेताना

नोकरीच्या शोधाविषयी झालेल्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा कॅन्फर, वॅनबर्ग व कँट्रोविट्झ यांनी २००१ साली घेतला. बहिर्मुख आणि कर्तव्यदक्ष माणसे नोकरीचा शोध अधिक जोमाने घेतात, असे त्यांत दिसून आले. कर्तव्यदक्षतेचे कारण उघड आहे. जाहिरात पाहणे, मुदतीच्या आत अर्ज भरणे, नकार आला तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा कागदपत्रे काढून बसणे, ही चिकाटीचीच कामे होत.

बहिर्मुखतेचे कारण समजण्यासाठी समाजशास्त्राकडे वळावे लागते. मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी अमेरिकेतील न्यूटन या गावी केलेला अभ्यास १९७४ साली ग्रंथरूपाने आला. त्यांनी पाहिलेल्या व्यावसायिक व तांत्रिक नोकरदारांपैकी ५६ टक्के लोकांना नोकरी ओळखीतून मिळाली होती. आणि ही ओळख जिवलग मित्रांची क्वचितच होती. बहुतेक वेळा ती अधूनमधून भेटणाऱ्या माणसाची होती. जिवलग मित्राला जे ठाऊक असते, ते आपल्यालाही ठाऊक असतेच. नवी बातमी दूरच्या माणसाकडून येते. बहिर्मुख माणसाच्या अशा दूरच्या ओळखी आपोआप वाढतात. अबोल माणसाला मात्र त्या हेतुपूर्वक जपाव्या लागतात.

सोडताना

नोकरी सोडण्यातही स्वभाव डोकावतो. १९७४ साली एडविन घिसेली यांनी एका प्रवृत्तीला ‘भटक्याचे लक्षण’ असे नाव दिले. काही माणसे सबळ कारण नसतानाही, स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यांप्रमाणे आतल्या ओढीने एका नोकरीतून दुसरीत जातात, असे त्यांचे म्हणणे होते.

झिमरमन यांनी २००८ साली घेतलेला आढावा यापुढे जातो. ज्यांचे भावनिक स्थैर्य कमी, त्यांच्या मनात नोकरी सोडण्याचा विचार अधिक वेळा येतो, आणि त्याला कामावरची नाराजी हेच कारण असेल असे नाही. प्रत्यक्ष सोडण्याशी मात्र कर्तव्यदक्षता व सौजन्य यांचा संबंध जास्त दिसतो. हे गुण कमी असणारी माणसे अधिक नोकऱ्या सोडतात. डोक्यात राख घालून राजीनामा फेकणारा आणि “सोडतो, सोडतो” म्हणत वर्षानुवर्षे त्याच खुर्चीवर कुढणारा, ही दोन वेगळी माणसे आहेत.

नोकरी बदलली म्हणजे समाधान लाभते काय? बॉसवेल, बूड्रो व टिची यांनी २००५ साली व्यवस्थापकांच्या अभ्यासातून दाखवले, की नोकरी बदलल्यावर समाधान एकदम वाढते आणि पुढे पुन्हा उतरते. पळसाला पाने तीनच, हे आपल्याकडे फार पूर्वीच सांगून ठेवले आहे. याचा अर्थ अन्याय सोसत राहावा असा मात्र नव्हे. पगार थकतो, अपमान होतो, तेथे दोष स्वभावाचा नसतो. शिवाय घरचा हप्ता ज्याच्या एकट्याच्या पगारावर आहे, त्याला कितीही ओढ असली तरी उडता येत नाही. म्हणून राजीनामा लिहिण्यापूर्वी स्वतःला एकच प्रश्न विचारावा : मला ही नोकरी नकोशी झाली आहे, की कोणतीही नोकरी वर्षभरात मला नकोशीच होते?

स्वभावाला औषध नाही?

मग अबोल माणसाने हात जोडून बसावे काय? २०१४ साली लिऊ, हुआंग व वँग यांनी बेकारांना शोधाचे शिक्षण देणाऱ्या ४७ प्रयोगांचा आढावा घेतला. शिक्षण घेतलेल्यांचे नोकरी मिळण्याचे पारडे इतरांच्या २.६७ पट जड ठरले. मात्र त्यासाठी कौशल्य शिकवणे आणि उमेद वाढवणे या दोन्ही गोष्टी लागल्या. एकीवर भागले नाही. म्हणजे स्वभाव फारसा न बदलताही वागणे शिकता येते. मुलाखतीची तालीम मित्रासमोर करता येते. ज्याला बोलणे जड जाते, त्याने चार ओळींचे पत्र लिहावे. ज्याची चिकाटी तोकडी, त्याने अर्जांच्या मुदती भिंतीवर टांगाव्यात.

‘स्वभावाला औषध नाही’ ही म्हण खरी असेलही. पण स्वभाव म्हणजे निकालपत्र नव्हे. तो आपला कल दाखवतो. यंदाच्या मे महिन्यात मी पुन्हा एका दुकानाच्या दारात गेलो. काय बोलायचे ते वाक्य घरीच चार वेळा म्हणून पाहिले होते. आवाज कापला, पण विचारले. जागा भरली होती. मालक म्हणाले, “दिवाळीत ये.”

दिवाळीत जाणार आहे.