डोंबिवलीचा गाळा सोडून माणदेशात धंदा? आधी मे महिन्यात चार दिवस राहून या



कल्याणच्या प्रत्येक बॅचमध्ये हल्ली दोन-तीन जण तरी हाच प्रश्न घेऊन येतात. "सर, इथे गाळ्याचं भाडं आणि डिपॉझिट झेपत नाही. गावी घर आहे, जागा फुकट आहे. तिकडेच धंदा टाकला तर?" गाव कुठलं विचारलं की उत्तर येतं दहिवडी, म्हसवड, आटपाडी, सांगोला, जत. म्हणजे माणदेश आणि त्याचा शेजार. गोंदवल्याला दर्शनाला जाणारे डोंबिवलीकर हा रस्ता ओळखतात.

आता हे काही राजस्थानसारखं वाळूचं वाळवंट नाही. पण सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला हा पट्टा आहे. ठाण्यात वर्षाला साधारण २५०० मिलिमीटर पाऊस पडतो, माणदेशात ४००-५०० मिलिमीटर. त्याच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला ५००० च्या वर पडतो. त्यामुळे "आमचा जिल्हा साताराच ना, मग पाण्याचं काय टेन्शन" असं कुणी म्हणालं, की मी आधी नकाशा उघडतो.

माझं मत सुरुवातीलाच सांगतो. जागा फुकट आहे म्हणून जाऊ नका. तुमच्या धंद्याला ऊन उपयोगी पडत असेल तर जा. तुमचा धंदा पाणी खाणारा असेल तर भाडं भरून इथेच थांबलेलं बरं.

पाण्याचा हिशोब कागदावर मांडा

आपल्याकडे २७ गावांतल्या लोकांना टँकर काही नवीन नाही. पण तिथला टँकर आणि इथला टँकर यात फरक आहे. इथे पाणी नाही आलं तर दोन दिवस गैरसोय होते. तिकडे फेब्रुवारीच्या मध्यापासून जूनअखेरपर्यंत, म्हणजे जवळजवळ १३५ दिवस, तुम्हाला स्वतःच्या साठ्यावर चालावं लागेल असंच धरून चाला.

एक उदाहरण घेऊ. नवरा-बायको आणि दोन मुलं, घरातच पापड-मसाल्याचं छोटं युनिट. जलजीवन मिशनचं माप माणशी रोज ५५ लिटर आहे, म्हणजे घराला २२० लिटर. भांडी, फरशी, हात धुणं, पीठ मळणं यासाठी युनिटला आणखी १५० लिटर धरा. रोजचे झाले ३७०. १३५ दिवसांचे जवळपास ५० हजार लिटर.

आता छप्पर बघा. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी मिळतं. १००० चौरस फूट छप्पर म्हणजे सुमारे ९३ चौरस मीटर. ४५० मिलिमीटर पाऊस धरला आणि पाचवा हिस्सा वाया गेला असं मानलं, तर वर्षाला ३३ हजार लिटरच्या आसपास पाणी उतरतं. हेच छप्पर डोंबिवलीत असतं तर पावणेदोन लाखांच्या वर गेलं असतं, आणि आपण ते सगळं गटारात सोडतो, तो विषय वेगळा! दहा बाय दहा बाय दहा फुटांची टाकी बांधली तर तिच्यात २८ हजार लिटर मावतं. गरज ५० हजारांची, टाकीत २८ हजार. उरलेल्या २२ हजारांसाठी दहा हजार लिटरचे तीन टँकर. त्या गावात एप्रिल-मेमध्ये टँकरचा जो रेट असेल त्याला तीनने गुणा. तो आकडा तुमच्या मालाच्या किमतीत बसतोय का, ते पाहा.

राजस्थानात घराच्या अंगणाखाली टांका बांधायची पद्धत आहे ती याच गणितावर. छपराचं आणि अंगणाचं पाणी साठवायचं आणि उन्हाळ्यापर्यंत पुरवायचं.

आणखी एक गोष्ट मुंबईकरांच्या लक्षात येत नाही. माणदेशात भरवशाचा पाऊस जूनचा नाही, परतीचा आहे, सप्टेंबर-ऑक्टोबरचा. जूनमध्ये सामान हलवून "आता पावसाळा लागेलच, टाकी भरेल" असं म्हणाल तर भादव्यापर्यंत टँकर मागवत बसाल. टाकीचं काम उन्हाळ्यात उरकून घ्या. दिवाळीला ती भरलेली असली पाहिजे, आणि नळ चालू आहे तोवर तिला हात लावायचा नाही.

टेंभू, जिहे-कठापूर अशा उपसा सिंचन योजनांमुळे बऱ्याच गावांचं चित्र बदललंय, हे खरं आहे. पण ते पाणी आवर्तनानं येतं आणि शेतीसाठी येतं. शेजारच्या गावात कॅनॉल दिसला म्हणून तुमच्या घराला पाणी आलं असं होत नाही. बोअर मारायचा विचार असेल तर शेजारच्या पाच बोअरचं मे महिन्यात काय होतं ते आधी विचारा. आणि क्षार तपासून घ्या. क्षाराच्या पाण्यानं गिझर, स्टीमर, कॉफी मशिन सगळ्यावर पांढरा थर बसतो. पिठाची आणि मसाल्याची चवही बदलते. तिकडच्या पाण्यात केलेला पहिला घाणा घरच्यांना आणि जुन्या गिऱ्हाइकांना द्या, विकायला काढू नका.

ऊन कुणाला पैसे देतं

माझं पॅकिंग मटेरियलचं दुकान आहे. जुलै लागला की चिवडा, पापड, फरसाणवाले जाड पाऊच मागायला येतात, कारण आपल्या हवेत माल दोन दिवसांत सादळतो. डोंबिवलीत गच्चीवर पापड घालणाऱ्या ताईंना विचारा, पावसाळ्याचे चार महिने धंदा जवळजवळ बंद. माणदेशात तोच पापड वर्षातले बरेच महिने वाळतो. कुरडया, सांडगे, मिरची, भाजणी, सुकवलेली भाजी या सगळ्याला कोरडी हवा म्हणजे फुकटचा ड्रायर. तासगाव भागात बेदाण्याचा एवढा मोठा धंदा उभा राहिला त्यात कोरड्या हवेचा हात आहे. सांगोला-आटपाडीच्या डाळिंबाचंही तेच. २८ डिसेंबर २०२० ला देशातली शंभरावी किसान रेल सांगोल्याहून पश्चिम बंगालमधल्या शालिमारला सुटली, ती उगाच नाही.

पण ऊन वाळवतं तसं तेल खवटही करतं. शेंगदाण्याची चटणी, बेसन लाडू, तळलेला माल पत्र्याखाली ठेवलात तर कल्याणमध्ये जितके दिवस टिकतो तितके तिकडे टिकणार नाही. पाकिटावरची तारीख नव्यानं ठरवा. लेबलचा गोंद सुटतो, धूळ बसते. पत्र्याऐवजी कौलं किंवा स्लॅबची खोली साठवणुकीला ठेवा.

लाँड्री, गाडी धुण्याचं सेंटर, इडली-डोशाचं हॉटेल, पाण्याचे जार भरायचा प्लांट, ही पाणी खाणारी यादी. यातला पाण्याच्या जारचा धंदा तिकडे हमखास चालेल असं सगळ्यांना वाटतं, कारण पाणी नाही! मंडळी, आरओ मशिन पाणी बनवत नाही. एक लिटर शुद्ध करताना बरंच पाणी वाया घालवतं. कच्चा मालच नसेल तर कारखाना कशावर चालवणार?

गिऱ्हाईक वर्षभर गावात असतं का?

हा प्रश्न कुणीच विचारत नाही. डोंबिवलीत दुकानासमोरून स्टेशनची गर्दी बाराही महिने जाते. तिकडे दिवाळीच्या आसपास ऊसतोडीच्या टोळ्या बाहेर पडतात, मेंढपाळ मेंढरं घेऊन चाऱ्याच्या मागे जातात, आणि कित्येक घरांना कुलूप लागतं. व्यंकटेश माडगूळकर आटपाडी तालुक्यातल्या माडगुळ्याचे. त्यांच्या 'बनगरवाडी'त शेवटी दुष्काळानं वाडी ओस पडते. कादंबरी १९५५ ची आहे, पण दुकानदारानं आजही ती धंद्याचं पुस्तक म्हणून वाचावी.

याउलट यात्रेला गाव फुगतं. मार्गशीर्षात म्हसवडला सिद्धनाथाचा रथ, पुसेगावला सेवागिरी महाराजांची यात्रा, चैत्रात शिखर शिंगणापूर. खरसुंडीला खिलार जनावरांचा बाजार भरतो, आटपाडीत शनिवारी शेळ्या-मेंढ्यांचा. तुमचा महिन्याचा सेल सरळ रेषेत येणार नाही, आठवडी बाजार आणि यात्रांच्या दिवशी उड्या मारेल. माल त्या हिशोबानं भरा.

पैसाही तसाच येतो. दुधाचं बिल, डाळिंबाचा तोडा, ज्वारीची काढणी. मधल्या काळात उधारी. "मी उधार देत नाही" ही पाटी कल्याण स्टेशनजवळ चालते. गावात तुमच्या काकांच्या मित्राला नाही म्हणालात तर गाव दुसऱ्या दुकानात जाईल. घरटी मर्यादा ठरवा, वहीत सही घ्या, आणि वसुलीची तारीख दुधाच्या बिलाशी जोडा. तीन महिन्यांचा खेळता पैसा उधारीत अडकेल असं समजूनच भांडवल काढा.

बँकेचं म्हणाल, तर म्हसवडची माणदेशी महिला सहकारी बँक माहीत असू द्या. चेतना गाला सिन्हा यांनी १९९७ मध्ये ती गावातल्या बायकांना सोबत घेऊन उभी केली. प्रवर्तक बायका निरक्षर म्हणून रिझर्व्ह बँकेनं आधी परवाना नाकारला होता. तिकडचे छोटे धंदे पैसा कसा फिरवतात हे समजून घ्यायला या बँकेचा इतिहास वाचण्यासारखा आहे. ताई लोकांनी तर नक्कीच.

फुकटची जागा आणि कागद

गावचं घर आजोबांच्या नावावर, वारस अकरा. तुम्ही शटर लावेपर्यंत कुणी बोलत नाही, धंदा चालला की भाऊबंदकी जागी होते. ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा काढा, सगळ्या सहहिस्सेदारांचं संमतिपत्र लेखी घ्या, मगच टाकीचा खड्डा खणा. नवीन शेतजमीन घ्यायची असेल तर आपल्या राज्यात ती सहसा शेतकऱ्यालाच घेता येते, त्यामुळे घराण्याचा सातबारा आहे का ते बघा.

जीएसटी नंबर राज्य तेच असल्यानं तोच राहतो, पण मुख्य जागा बदलल्यापासून १५ दिवसांत दुरुस्ती करायची असते. फूड लायसन्स जागेला जोडलेलं असतं, तिकडे नवीन काढावं लागेल. उद्यमवरचा पत्ताही बदला.

पीएमईजीपीचं गाजर बरेच जण दाखवतात. ग्रामीण भागात सर्वसाधारण गटाला २५ टक्के आणि महिला व इतर विशेष गटांना ३५ टक्के अनुदान, शहरात तेच १५ आणि २५. फरक मोठा आहे. पण योजना नवीन युनिटसाठी आहे, डोंबिवलीचं चालू युनिट उचलून नेलं तर ते नवीन होत नाही. चालू वर्षाचे नियम जिल्हा उद्योग केंद्रात विचारून घ्या, एजंटला नको.

विजेचं एकच सांगतो. कनेक्शन गावठाणच्या फीडरवर घ्या, शेतीच्या नको. शेतीच्या फीडरला ठरावीक तासच वीज असते, त्यातही कधी रात्रीची पाळी. थ्री फेज लागणारी चक्की किंवा पल्व्हरायझर असेल तर आधी महावितरणच्या ऑफिसात लोडची चौकशी, मग मशिनची ऑर्डर.

वाहतूक तर सगळे विसरतात. माण तालुक्यात रेल्वे स्टेशन नाही. साताऱ्याहून दहिवडी साठ-पासष्ट किलोमीटर. तुमचं गिऱ्हाईक ठाणे-डोंबिवलीतच राहणार असेल, आणि पापड-मसाल्याचं बहुतेक राहतंच, तर कुरिअरवाला तुमच्या पिनकोडवरून माल उचलतो का ते विचारा. नुसता पोचवतो एवढं पुरेसं नाही.

म्हणून माझा सल्ला असा. इथला गाळा लगेच सोडू नका, अकरा महिन्यांचा करार संपायला चार-पाच महिने असताना चाचणी घ्या. मे महिन्यात चार दिवस गावी राहा, लग्नाला गेल्यासारखं नाही, रोज स्वतः पाणी भरून. एकट्यानं नाही, घरच्यांना घेऊन. कारण हंडा कुणाच्या डोक्यावर येणार हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे, आणि निर्णयात तिचं मत पहिलं पाहिजे. मुलांची शाळा आणि रात्री अकरा वाजता डॉक्टर किती लांब, हेही तेव्हाच बघून घ्या. मग दोन महिने तिकडे माल बनवून इथे विका. वाहतूक आणि टँकर धरून नग कितीला पडला ते लिहा आणि गाळ्याच्या भाड्यासकटच्या दराशेजारी ठेवा.

हा तक्ता भरून झाला की पुढच्या बॅचला घेऊन या. सोबत गावच्या घराचं मे महिन्याचं लाईट बिल आणि टँकरची पावती आणा, आपण बसून आकडे तपासू.